शंभरातले सव्वादोन रुपये

एक छोटा हिशेब करू. साल १९७३. देशाचं दरडोई वार्षिक उत्पन्न तेव्हा साधारण हजार रुपये होतं. समजा, तुमचं उत्पन्न वर्षाला दोन लाख आहे. म्हणजे सरासरी भारतीयाच्या दोनशे पट. आता या दोन लाखांवर तुम्ही आणखी शंभर रुपये कमावलेत. प्राप्तिकराचा कमाल दर ८५ टक्के, त्यावर १५ टक्के अधिभार, म्हणजे एकूण ९७.७५ टक्के. त्या शंभरातले सव्वादोन रुपये तुमचे, बाकीचे सरकारचे.

थांबा, अजून संपलं नाही. उत्पन्नाशिवाय संपत्तीवर वेगळा कर होता. त्याचा कमाल दर ८ टक्क्यांपर्यंत गेला होता. त्या वरच्या टप्प्यातल्या माणसाकडे आणखी एक लाखाची मालमत्ता आली आणि तिने वर्षाला दहा टक्के परतावा दिला, तर हाती आले दहा हजार. त्यावर प्राप्तिकर ९,७७५ रुपये आणि संपत्तीकर ८,००० रुपये. दहा हजार कमवा आणि १७,७७५ भरा! आणि तो मेला की वारसांकडून इस्टेट ड्यूटी, म्हणजे मृत्युकर. वीस लाखांच्या वरच्या मालमत्तेवर ८५ टक्के.

कागदावर पाहिलं, तर श्रीमंतांसाठी इतका कडक देश जगात शोधून सापडला नसता. आज याच देशात वरच्या एक टक्का लोकांकडे देशातली सुमारे ४० टक्के संपत्ती आहे, मृत्युकर नाही, संपत्तीकर नाही, आणि हे कर कधीकाळी होते हेसुद्धा आपल्यापैकी बहुतेकांना माहीत नाही. पन्नास वर्षांत असं काय झालं? 'समाजवाद गेला, उदारीकरण आलं' हे एका ओळीतलं उत्तर सगळ्यांना पाठ आहे. पण ते अपुरं आहे. ज्यांच्यासाठी हे कर होते त्यांच्यापर्यंत ते पोचले किती, हे पाहिल्याशिवाय ही गोष्ट कळत नाही.

युद्धातला नफा

गोष्ट सुरू करायची तर दुसऱ्या महायुद्धापासून. युद्धाच्या काळात लष्कराला कापड हवं होतं, पोलाद हवं होतं, सिमेंट हवं होतं. टंचाई होती, म्हणून काळा बाजार होता. १९४३मध्ये बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली, आणि त्याच वर्षांत गिरण्या आणि व्यापारी पेढ्या तुफान नफा कमावत होत्या. सरकारने जादा नफ्यावर कर बसवला होता, पण बराचसा पैसा वहीबाहेरच फिरला. 'दोन नंबरचा पैसा' ही आपल्याकडची जुनी व्याधी याच काळात खऱ्या अर्थाने बाळसं धरू लागली.

फेब्रुवारी १९४७मध्ये हंगामी सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांनी बजेट मांडलं. एक लाखाच्या वरच्या धंद्याच्या नफ्यावर २५ टक्के कर, भांडवली नफ्यावर कर, आणि युद्धकाळात कर बुडवणाऱ्यांच्या चौकशीसाठी आयोग. उद्योगपती खवळले. काँग्रेस आणि लीग यांच्यातलं वैर तेव्हा टोकाला गेलेलं होतं, त्यामुळे या बजेटमागे हेतू काय याच्यावरच जास्त चर्चा झाली. शेवटी २५ टक्क्यांचा दर १६.६६वर आला.

चौकशी आयोग मात्र नेमला गेला. न्यायमूर्ती वरदाचारियार त्याचे अध्यक्ष. मोठमोठ्या घराण्यांची प्रकरणं त्याच्याकडे गेली. पुढे राज्यघटना लागू झाली आणि १९५०च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने या आयोगाच्या कायद्यातली महत्त्वाची कलमं रद्द ठरवली. कारण काय? घटनेचं कलम १४. कायद्यापुढे सर्व समान, मग काही करबुडव्यांसाठी वेगळी, जास्त कडक पद्धत कशी चालेल? कायद्याच्या दृष्टीने मुद्दा बिनतोड होता. पण त्यातली गंमतही लपत नाही. समतेच्या कलमाचा सुरुवातीच्या काळातला एक मोठा फायदा करबुडवे असल्याचा संशय असलेल्या धनिकांना झाला.

त्याच घटनेत कलम ३९(ग) सुद्धा आहे. आर्थिक व्यवस्था अशी चालवावी, की संपत्ती आणि उत्पादनाची साधनं सर्वांच्या हिताला बाधा येईल अशा रीतीने मोजक्या हाती एकवटणार नाहीत, असं ते सांगतं. पण ते मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आहे. त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ला घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी याच विसंगतीवर बोट ठेवलं होतं. राजकारणात एक माणूस एक मत, आणि सामाजिक-आर्थिक जीवनात मात्र विषमता. ही विसंगती लवकर दूर झाली नाही, तर ज्यांना ती सोसावी लागते तेच ही लोकशाही उधळून लावतील, असा त्यांचा इशारा होता.

नात्याच्या देशमुखांचा मृत्युकर

हा इशारा गंभीरपणे घेणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख. रायगडाच्या पायथ्याजवळच्या नाते गावात जन्म, आयसीएसच्या परीक्षेत पहिला नंबर, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मेघदूताचं मराठी भाषांतर करणारे संस्कृतचे जाणकार. क्रांतिकारक वगैरे ते अजिबात नव्हते. १९५०मध्ये ते देशाचे अर्थमंत्री झाले, आणि १९५३मध्ये त्यांच्या कारकिर्दीत इस्टेट ड्यूटीचा कायदा झाला. १५ ऑक्टोबर १९५३पासून तो लागू झाला.

कल्पना सोपी होती. माणूस कष्टाने कमावतो, ते त्याचं. पण त्याच्या मुलाने केवळ त्या घरात जन्म घेतला म्हणून त्याला कोट्यवधी मिळणं, यात त्याचं कर्तृत्व काय? म्हणून संपत्ती एका पिढीकडून दुसरीकडे जाताना समाजाने त्यातला वाटा घ्यावा. ब्रिटनमध्ये असा कर १८९४पासून होता. भारतात त्याचे हेतू दोन ठेवले गेले. संपत्तीची विषम वाटणी कमी करायची आणि येणारा पैसा राज्यांना विकासासाठी द्यायचा.

आता या कायद्यातल्या फटी पाहा. एक, शेतजमीन. घटनेप्रमाणे शेतजमिनीच्या वारशावरचा कर हा राज्यांचा विषय. त्यामुळे केंद्राला प्रत्येक राज्याची संमती घ्यावी लागणार, आणि राज्यांच्या विधानसभेत बसलेले बरेचसे लोक स्वतःच जमीनदार. दोन, हिंदू अविभक्त कुटुंब. ब्रिटिश काळापासून करकायद्यात हे कुटुंब म्हणजे एक स्वतंत्र 'व्यक्ती' मानलं जातं. मिताक्षर पद्धतीच्या कुटुंबात वडील वारले, तर कर लागणार तो फक्त त्यांच्या हिश्श्यावर. तीन, दानपत्र. मृत्यूच्या आधी दोन वर्षांत दिलेली भेट इस्टेटीत धरली जाई. त्याआधी दिलेली सुटली. म्हणजे ज्याला चांगला वकील होता आणि तब्येतीचा अंदाज होता, त्याने वेळेवर सगळं मुलांच्या नावावर करून टाकलं. अचानक हार्ट अटॅकने गेलेल्या मध्यमवर्गीय माणसाच्या बायकोला मात्र कंट्रोलरच्या ऑफिसात खेटे घालावे लागले.

चौथी फट सर्वांत मोठी, किमतीची. घराची, दागिन्यांची, खाजगी कंपनीच्या शेअरची बाजारातली किंमत ठरवणार कोण आणि कशी? यावर वर्षानुवर्षं दावे चालले. देशमुख स्वतः १९५६मध्ये मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेर पडले. कायदा मागे राहिला, फटींसकट.

केल्डॉरचं जाळं

त्याच १९५६ साली केंब्रिजचे एक अर्थतज्ज्ञ भारतात आले होते. निकोलस केल्डॉर, मूळचे हंगेरीचे. भारताची करव्यवस्था कशी सुधारावी यावर त्यांनी एक छोटा अहवाल लिहिला. तो आज वाचला तरी चकित व्हायला होतं.

केल्डॉर म्हणाले, तुमच्याकडे करचोरी वीस-तीस कोटींची नाही, दोनशे-तीनशे कोटींची आहे. आणि नुसते दर वाढवून ती थांबणार नाही. त्याऐवजी एक जाळं विणा. उत्पन्नावर कर, भांडवली नफ्यावर कर, संपत्तीवर दरवर्षी कर, मोठ्या खर्चावर कर, आणि भेटींवर कर. सगळ्यांचं विवरणपत्र एकच. मग बघा गंमत. माणसाने उत्पन्न लपवलं, तर त्याचा खर्च आणि वाढलेली संपत्ती त्याला उघडं पाडेल. संपत्ती कमी दाखवली, तर ती विकताना नफा जास्त दिसेल आणि त्यावर कर बसेल. मुलाला भेट दिली म्हणून दाखवली, तर ती मुलाच्या नावाखाली नोंदली जाईल. प्रत्येक कर हा दुसऱ्या करावरचा पहारेकरी.

म्हणजे केल्डॉर यांच्या दृष्टीने कर हे महसुलाचं साधन होतंच, पण त्याहून जास्त ते नोंदीचं साधन होतं. कोणाकडे काय आहे हे राज्याला कळलं पाहिजे. आणि एकदा जाळं नीट विणलं, की प्राप्तिकराचा कमाल दर फार ठेवायची गरज नाही. तो रुपयात सात आण्यांच्या आसपास, म्हणजे ४५ टक्क्यांवर आणा, असं त्यांनी सुचवलं.

पुढे काय झालं? अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी १९५७मध्ये संपत्तीकर आणि खर्चावरचा कर आणला. असा खर्चकर बसवणारा भारत जगातला पहिला देश. १९५८मध्ये भेटकर आला. पण जाळ्याचे धागे प्रत्येक वेळी सैल सोडले गेले. सूट, अपवाद, वेगवेगळी विवरणपत्रं. प्राप्तिकराचे दर खाली आणायचा जो दुसरा अर्धा सल्ला होता, तो बाजूला राहिला. खर्चकर १९६२मध्ये गेला, १९६४मध्ये परत आला, १९६६मध्ये पुन्हा गेला. डॉक्टरने पाच औषधं एकत्र घ्यायला सांगावीत आणि पेशंटने त्यातली दोन अर्धी-अर्धी घेऊन डॉक्टरलाच नावं ठेवावीत, तसा प्रकार.

योगायोग असा, की कृष्णम्माचारींना पद सोडावं लागलं तेही पैशाच्याच भानगडीत. सरकारी आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंध्रा या उद्योजकाच्या कंपन्यांचे सव्वा कोटींच्या आसपासचे शेअर घेतले होते. लोकसभेत फिरोज गांधींनी हे प्रकरण काढलं. न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत त्याची उघड चौकशी केली. ती ऐकायला एवढी गर्दी झाली, की बाहेर लाउडस्पीकर लावावे लागले. फेब्रुवारी १९५८मध्ये मंत्र्यांचा राजीनामा झाला. सर्वसामान्यांचे विम्याचे हप्ते एका धनिकाचे बुडते शेअर वाचवायला वापरले गेले, हे लोकांना सरळ कळलं होतं.

तीन आणे

ऑगस्ट १९६३. लोकसभेत पहिल्यांदाच अविश्वास ठराव आलेला. फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीतून नुकतेच निवडून आलेले राममनोहर लोहिया उभे राहिले आणि त्यांनी एक आकडा फेकला. या देशातले २७ कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात, आणि पंतप्रधानांवर दिवसाला २५ हजार रुपये खर्च होतो. नेहरूंनी आकडा खोडला. सरासरी पंधरा आणे आहे म्हणाले. लोहियांचं उत्तर असं, की सरासरीत टाटा-बिर्लाही धरले आहेत. मी तळाच्या माणसाबद्दल बोलतोय.

सरासरीच्या मागे विषमता कशी लपते, याचा इतका सोपा धडा संसदेत क्वचितच दिला गेला असेल. आज 'आपण जगातली अमुक क्रमांकाची अर्थव्यवस्था' असा मेसेज आला, की तीन आण्यांची आठवण ठेवायला हरकत नाही.

नेहरूंनाही हा प्रश्न छळत होता. योजनांमुळे वाढलेलं उत्पन्न गेलं कुठे, हे शोधायला त्यांनी १९६०मध्येच महालनोबिस यांची समिती नेमली होती. तिच्यापाठोपाठ मक्तेदारी चौकशी आयोग आला. १९६५च्या त्याच्या अहवालाने सांगितलं, की बँका सोडून खाजगी कंपन्यांच्या एकूण मालमत्तेपैकी ४६.९ टक्के अवघ्या ७५ उद्योगसमूहांच्या ताब्यात आहे. मुंबई विद्यापीठाचे प्राध्यापक आर. के. हजारी यांनी तर दाखवून दिलं, की उद्योगांवर अंकुश ठेवण्यासाठी काढलेली लायसन्स पद्धतच मोठ्या घराण्यांच्या पथ्यावर पडली. ते आधीच ढीगभर अर्ज करून लायसन्सं अडवून ठेवत आणि नवख्यांची वाट बंद करत. एका हाताने सरकार त्यांच्यावर ९० टक्के कर बसवत होतं आणि दुसऱ्या हाताने त्यांना स्पर्धेपासून वाचवत होतं.

१९७१मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दुसरी बाजू मोजली. १९६०-६१मध्ये ग्रामीण भागातली ४० टक्के आणि शहरातली ५० टक्के माणसं किमान पोषण परवडेल एवढाही खर्च करू शकत नव्हती. वरून कर, खाली उपासमार, आणि मधला पैसा कुठेतरी गायब.

एकाच अर्थमंत्र्याची दोन बजेटं

आता येऊ सव्वादोन रुपयांकडे. हा दर ठरला १९७१च्या बजेटमध्ये. अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण. 'गरिबी हटाव'ची निवडणूक नुकतीच जिंकली होती, संस्थानिकांचे तनखे त्याच वर्षी रद्द झाले. वातावरणच तसं होतं.

पण त्याच वर्षाअखेर न्यायमूर्ती वांच्छू समितीचा काळ्या पैशावरचा अहवाल आला. एकट्या १९६८-६९ सालात चौदाशे कोटींचं उत्पन्न करातून सुटलं असा तिचा अंदाज होता. आणि पहिलं कारण तिने सांगितलं ते अवाजवी दर. शंभरातले ९७ जाणार असतील, तर लपवणाऱ्याला प्रत्येक शंभरावर ९७ रुपयांचं बक्षीस आहे. लपवणं हाच सर्वांत फायद्याचा धंदा. १९७४मध्ये चव्हाणांनीच कमाल दर ७७ टक्क्यांवर आणला. पुढे १९७६मध्ये तो ६६वर गेला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ९७.७५ टक्के हा आकडा कडकपणाचा वाटतो, पण तो बराचसा हतबलतेचा होता. ज्या सरकारला श्रीमंताच्या घरात काय आहे ते दिसत नाही, ते सरकार दिसतं तेवढ्यावर जोरात काठी मारतं. आणि दिसतं कोणाचं? पगारदाराचं, पुस्तकं नीट ठेवणाऱ्याचं. फ्लॅट विकताना अर्धे पैसे चेकने आणि अर्धे रोख, पागडी, बेनामी जमीन, सोनं हे सगळं मुंबई-पुण्यात याच वर्षांत घरोघरी माहीत झालं. कर चुकवणं ही फक्त धनिकांची कला राहिली नाही, ती व्यवहाराची रीत झाली. लोकांच्या मनात 'कर म्हणजे मूर्खांनी भरायची गोष्ट' हे घट्ट बसलं, आणि विषमतेविरुद्धच्या पुढच्या प्रत्येक प्रयत्नाला ते आडवं आलं.

वीस कोटी

मार्च १९८५. राजीव गांधींचं सरकार, अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंग. प्राप्तिकराचा कमाल दर ५० टक्के. आणि इस्टेट ड्यूटी रद्द, १६ मार्च १९८५ किंवा त्यानंतर होणाऱ्या मृत्यूंसाठी.

कारण त्यांनी बजेट भाषणात स्पष्ट सांगितलं. संपत्तीची विषमता कमी करणं आणि राज्यांना पैसा देणं, हे दोन्ही हेतू या कराने साध्य झाले नाहीत. वर्षाला जेमतेम वीस कोटी मिळतात आणि वसुलीचा खर्च मानाने जास्त आहे. युक्तिवाद खोटा नव्हता. सूट-मर्यादा महागाईच्या वेगाने वाढली नव्हती, त्यामुळे साध्या घरांचीही इस्टेट करात येऊ लागली होती, आणि ज्यांच्यासाठी कायदा होता ते ट्रस्ट आणि अविभक्त कुटुंबांच्या आडोशाला होते. पण पाण्याची टाकी गळत असेल तर आपण गळती बुजवतो. इथे 'पाणी येतंच कुठे' असं म्हणून टाकीच काढून टाकली.

सिंग यांना श्रीमंतांचा मित्र म्हणणं मात्र अन्याय ठरेल. दर उतरवणारे हेच मंत्री बड्या उद्योगपतींवर छापे घालत होते. त्यातून इतके लोक दुखावले, की जानेवारी १९८७मध्ये त्यांना अर्थखात्यातून संरक्षण खात्यात हलवण्यात आलं. कमी दर आणि कडक वसुली हा केल्डॉरचाच सल्ला होता. त्यातलं पहिलं टिकलं, दुसरं पावणेदोन वर्षांत थांबलं.

संपत्तीकर आणखी तीस वर्षं जगला, पण नावापुरता. १९९२च्या सुमारास तो फक्त 'अनुत्पादक' मालमत्तेपुरता ठेवला गेला. जादा घर, दागिने, मोटारी, शहरातली मोकळी जमीन. शेअर वगळले. वरकरणी शहाणपणाचं, कारण गुंतवणुकीला उत्तेजन मिळतं. पण अतिश्रीमंत माणसाची संपत्ती असते कशात? दागिन्यांत नाही, कंपनीच्या मालकीत असते. म्हणजे आजीच्या पाटल्या आणि गावाकडच्या प्लॉटपेक्षा कितीतरी मोठा डोंगर या कराला दिसेनासा झाला. २०१३-१४मध्ये त्यातून आले १,००८ कोटी. २०१५मध्ये अरुण जेटलींनी तो रद्द केला आणि एक कोटीच्या वर उत्पन्न असणाऱ्यांवर दोन टक्के जादा अधिभार लावला. वसुली सोपी झाली, हे खरं. पण अधिभार उत्पन्नावर असतो. प्रवर्तकाने शेअर विकलेच नाहीत, तर ते हजार पट वाढले तरी त्याचं 'उत्पन्न' शून्य. भेटकर १९९८मध्येच गेला होता. केल्डॉरच्या जाळ्यातले तीन धागे आता नव्हते.

मोजायचं कशाने?

लुकास शांसेल आणि थॉमस पिकेटी यांनी १९२२पासूनच्या प्राप्तिकराच्या आकड्यांवरून भारताचा आलेख काढला आहे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस वरच्या एक टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नाचा सुमारे २१ टक्के वाटा होता. १९८०च्या सुरुवातीला तो ६ टक्क्यांवर आला. मग पुन्हा चढ. मार्च २०२४मध्ये नितीन कुमार भारती, शांसेल, पिकेटी आणि अनमोल सोमंची यांनी ताजा हिशेब मांडला. २०२२-२३मध्ये हा वाटा २२.६ टक्के, आणि संपत्तीतला वाटा ४०.१ टक्के.

मग ते जुने कर यशस्वी झाले होते म्हणायचं का? घाई नको. १९८०च्या सहा टक्क्यांत लपवलेलं उत्पन्न धरलेलं नाही, आणि ते किती मोठं होतं हे वांच्छूंनीच सांगितलं होतं. विमा आणि बँकांचं राष्ट्रीयीकरण, तनखे बंद, या सगळ्याचाही परिणाम होताच. शिवाय त्या काळात वाढ मंद होती. वरचं झाकण खाली आलं, तरी खालचं भांडं भरलं नाही. १९९१नंतर करोडो लोक खरोखर गरिबीबाहेर आले, हेही तितकंच खरं. ज्याला 'समता विरुद्ध वाढ' अशी सरळ लढत हवी आहे, त्याला हा इतिहास दोन्ही बाजूंनी निराश करेल.

पण एक गोष्ट या इतिहासातून ठळक दिसते. इस्टेट ड्यूटी होती तेव्हा, मोडकी का होईना, दर मोठ्या माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्या संपत्तीची सरकारी नोंद होत होती. संपत्तीकर होता तेव्हा दरवर्षी एक विवरणपत्र भरावं लागत होतं. हे कर गेले आणि नोंदीही गेल्या. प्राप्तिकर विभागाने २०००च्या सुमारास आपली तपशीलवार आकडेवारी छापणंच बंद केलं, ते २०१६पर्यंत. म्हणजे ज्या पंधरा वर्षांत संपत्ती सर्वांत वेगाने वर सरकली, त्याच काळात मोजपट्टी कपाटात होती. आज अतिश्रीमंतांच्या संपत्तीसाठी अभ्यासकांना मासिकांच्या श्रीमंतांच्या याद्यांचा आधार घ्यावा लागतो.

दुसरीकडे खालच्या माणसाची नोंद चोख आहे. आधार, रेशनकार्ड, केवायसी. मोबाईलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी डिलिव्हरीवाला पोरगाही भरतो आणि अब्जाधीशही, आणि तो चुकवायची सोय दोघांनाही नाही.

वारशावरचा कर म्हणजे उद्योगांचा सत्यानाश, असं म्हणणाऱ्यांनी दक्षिण कोरियाकडे पाहावं. तिथे कमाल दर ५० टक्के आहे. सॅमसंगचे अध्यक्ष ली कुन-ही २०२०मध्ये वारले, तेव्हा कुटुंबाने १२ लाख कोटी वॉनपेक्षा जास्त कर पाच वर्षांत हप्त्यांनी भरायचं ठरवलं. २३ हजारांच्या आसपास कलावस्तू देशाच्या संग्रहालयांना दिल्या. सॅमसंग बुडाली नाही. उलट बाजूचं उदाहरणही आहे. समतेसाठी ओळखल्या जाणाऱ्या स्वीडनने २००४च्या अखेरीस वारसाकर काढून टाकला. तेव्हा तयार उत्तर कोणाकडेच नाही. पण वाद घालायला तरी हवा.

आपल्याकडे तो वाद २०२४च्या लोकसभा प्रचारात चार दिवस पेटला. एका बाजूने आरोप केला, दुसऱ्या बाजूने लगेच हात झटकले, आणि बायकांची मंगळसूत्रं चर्चेत येऊन विषय संपला. भारतात हा कर बत्तीस वर्षं होता, तो आणला एका मराठी अर्थमंत्र्याच्या काळात, तो का फसला आणि कुठे गळत होता, यातलं काही त्या गदारोळात ऐकू आलं नाही.

आज पंचविशीत असलेल्यांच्या आयुष्यात भारतातली मोठी संपत्ती आधीच्या पिढीकडून पुढच्या पिढीकडे जाणार आहे. नव्वदच्या दशकात उभी राहिलेली साम्राज्यं आता मुला-नातवंडांच्या हाती जात आहेत. ज्यांच्या वाट्याला वारसा म्हणून शैक्षणिक कर्जाचा हप्ता आणि शहराबाहेरची भाड्याची खोली आहे, त्यांच्याशी या हस्तांतराचा थेट संबंध आहे. जागेच्या किमती, शाळांच्या फिया, निवडणुकीतला पैसा हे सगळं त्यातूनच ठरतं. ९७.७५ टक्के पुन्हा आणा, असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण कोणाकडे किती आहे हे दरवर्षी मोजायचं आणि ते छापायचं, एवढी केल्डॉरची पहिली पायरीसुद्धा आपण अजून पुरती चढलेलो नाही. कराचा दर किती असावा यावर भांडण नंतर करता येईल. आधी वही उघडावी लागेल.